वॅटमास्तरांची चिठ्ठी

वॅटमास्तर खोलीत शिरले की आधी माणसांकडे बघत नसत. सरळ भिंतीवरच्या डब्यांकडे जात आणि प्रत्येक डब्याला हाताची मागची बाजू लावत, आई तापलेल्या पोराच्या गळ्याला लावते तशी. डबे म्हणजे नेटवर्कचे स्विच. कॉलेजातल्या सगळ्या संगणकांना इंटरनेट पोचतं ते यांच्यातून. हात लावून झाला की चोर सापडल्यासारखे आमच्याकडे वळून म्हणत, "गरम हाय. म्हंजे खाऊन राहिलंय. आता काम करतंय का, ते बघा."

नांदेडजवळच्या आमच्या खासगी कॉलेजात ते नेटवर्कचे प्रमुख होते आणि मी त्यांचा सहायक. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. त्यांच्या पिशवीत वॅट मोजायचं एक छोटं मीटर कायम असे. यंत्राची पिन त्यात खोचायची, आकडा बघायचा, मग दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर बॉलपेननं लिहायचं: किती वॅट खातं, आणि खाली शेरा. "कामाचं." "खादाड." सगळ्यांत वाईट शेरा होता, "लुकलुकतं. काम न्हाई." हा शेरा मिळालेलं यंत्र आठवड्याच्या आत भिंतीवरून उतरलंच म्हणून समजा.

उधळलेल्या विजेशी त्यांचं जुनं वैर होतं. गाव लोह्याकडचं. "आमच्याकडं शेतातल्या मोटारीला लाइट येती ती रातच्याला, साप-विंचवाच्या टायमाला," ते म्हणत, "अन् हितं हे रिकामं डबडं चोवीस घंटे लुकलुकून राहिलंय. कुणाच्या बापाची हाय लाइट?" मग ते एकेकाचा समाचार घ्यायला लागले. तीन अर्धवट रिकाम्या स्विचांच्या वायरी एकात आणल्या आणि दोन बंद केले. ज्या पोर्टात वायरच नाही ते पोर्ट झोपवले. व्हरांड्यांतली वायफायची यंत्रं कॉलेज सुटलं की आपोआप बंद आणि सकाळच्या घंटेआधी चालू. पूर्वी लाइट गेली की मशीन रूमचा इन्व्हर्टर तासाभरात मान टाकायचा. आता तो साडेतीन तास ओढायला लागला. ज्या दिवशी पहिल्यांदा ओढला, त्या दिवशी मास्तरांनी सगळ्या स्टाफला गरम भजी खाऊ घातली.

हे सगळं ज्यांना खुपत होतं ते आमचे संचालक. त्यांना आम्ही नुसतं 'साहेब' म्हणायचो. मशीन रूमच्या काचेतून पाहुण्यांना लुकलुकणारे दिवे दाखवणं हा त्यांचा छंद. मास्तरांनी दिवे विझवले तेव्हा साहेब म्हणाले, "अहो, हे बंद पडलेल्या दुकानासारखं दिसतंय." मास्तर म्हणाले, "दुकान चालूच हाय साहेब. फक्त रोषणाई काढली." साहेबांनी हे उत्तर गिळलं, पण पचवलं नाही. मनात धरून ठेवणारा माणूस होता तो. तेवढ्यापुरतं बोलायचं तर, मीही तसाच आहे.

मग तपासणीची समिती यायची ठरली, दोन दिवसांसाठी. मास्तर नेमके पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते. आदल्या दिवशी माझ्या फोनवर साहेबांचा आवाजातला निरोप आला: "ते मशीन रूममधले सगळे डबे चालू करून ठेवा. सगळे दिवे लागलेले दिसले पाहिजेत. मास्तरांना विचारायची काही गरज नाही." मास्तरांनी विश्वासानं मला त्यांचा पासवर्ड देऊन ठेवला होता. त्याच पासवर्डनं मी झोपलेले पोर्ट उठवले, बंद केलेले डबे पुन्हा चालू केले. समिती काचेपुढे उभी राहून खूश झाली. साहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोरांची ऑनलाइन परीक्षा सुरू झाली आणि पावणेबाराला लाइट गेली. लॅबमधले संगणक त्यांच्या वेगळ्या बॅटरीवर चालू राहिले, पण मशीन रूमचा इन्व्हर्टर रिकाम्या डब्यांनाही पोसत होता. तो पूर्वीसारखाच तासाभरात बसला. नेट गेलं, पेपर अर्धवट अडकले. पोरी व्हरांड्यात रडत होत्या, पालक फाटकावर आरडाओरडा करत होते. आणि समिती अजून कॅन्टीनमध्येच बसलेली.

चौकशी झाली. टेबलामागे मधोमध साहेबच. स्विचच्या नोंदीत मास्तरांचं लॉगिन होतं. मास्तर म्हणाले, "मी तर हळदीच्या मांडवात व्हतो." साहेब म्हणाले, "मोबाइलवरून कळा दाबल्या असतील. यंत्रांशी छेडछाड करायची यांना सवयच आहे." मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात विचारलं, "तुम्हाला काही माहीत आहे?"

फोन माझ्या खिशात होता. निरोप त्यात होता. माझं नवीन लग्न झालेलं, नोकरी कायम व्हायची राहिलेली. मी म्हणालो, "नाही, सर."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पासवर्ड दोघांनाच माहीत होता, त्यामुळे त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. माझं नावही त्यांनी घेतलं नाही. राजीनामा लिहून दिला आणि जाण्याआधी मशीन रूममध्ये येऊन एकेका डब्याला हात लावला. शेवटी माझ्यापाशी आले. हाताची मागची बाजू माझ्या कपाळाला लावली, पट्टीचा तुकडा फाडला, काहीतरी लिहिलं आणि माझ्या टेबलाच्या कडेला चिकटवून निघून गेले. ते फाटकाबाहेर पडल्यावर मी वाचलं.

"लुकलुकतो. काम न्हाई."

पुढे ते लातूरला स्थायिक झाले. किल्लारीकडच्या शाळांना एका सोलर पाटीवर दिवसभर चालेल असं छोटं नेटवर्क बसवून देत. दोन वर्षांनी मी त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी चहा पाजला, बिस्कीट पुढे केलं. मी म्हणालो, "मास्तर, मला माफ करा."

"हितं काय माफी मागतो? हितं ऐकायला हाय कोण?" ते म्हणाले. "जिथं गप बसला तिथंच तोंड उघड. तवर माझ्या दारात येऊ नको."

मी गेलो नाही, आणि तोंडही उघडलं नाही. मास्तरांनी विझवलेले डबे साहेबांनी परीक्षेच्या गोंधळानंतर गुपचूप पुन्हा विझवले होते. त्याच कामाबद्दल त्यांना वीजबचतीचा पुरस्कार मिळाला. ते मानपत्र मशीन रूमच्या काचेशेजारी टांगलं गेलं. मी रोज त्याच्याखालून जायचो आणि दातओठ खायचो. तीन फोन बदलले, पण तो निरोप दरवेळी नव्या फोनमध्ये आठवणीनं घेतला. राग पाळायलाही चिकाटी लागते.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. एका शाळेच्या शिडीवरून उतरले, सावलीला बसले आणि तिथंच गेले. मला तीन दिवसांनी कळलं.

त्यानंतर महिन्याभरात साहेबांचा निरोप समारंभ होता. आता मी नेटवर्कचा प्रमुख. वीजबचतीवर दोन शब्द बोलायला मलाच सांगितलं होतं. साहेब फेटा बांधून बसले होते, शेजारी शाल-श्रीफळ. मी माईकवर सांगितलं की ही बचत कुणी केली, कशी केली आणि त्या माणसाला कसं घालवलं गेलं. त्यांच्या लॉगिननं ते डबे चालू करणारा हात माझा होता, हेही सांगितलं. मग फोन माईकला लावला. "सगळे दिवे लागलेले दिसले पाहिजेत. मास्तरांना विचारायची काही गरज नाही." साहेबांचाच आवाज सगळ्या सभागृहात घुमला. मी तो पुन्हा लावला, मागच्या रांगेला नीट ऐकू जावा म्हणून. साहेबांचा चेहरा फेट्याखाली पांढराफटक पडला आणि मला आनंद झाला. मनापासून झाला. खोटं कशाला बोलू?

कार्यक्रम कसाबसा आटोपला. साहेब जिन्यापाशी माझी वाट बघत थांबले होते. मला वाटलं, ओरडतील, धमकी देतील. तयारीत होतो मी. पण ते हळू आवाजात म्हणाले, "एवढं होतं तुमच्याकडे, तर त्या दिवशी का नाही बोललात? मी विचारलं होतं तुम्हाला."

ते जिना उतरून गेले.

मी मशीन रूममध्ये येऊन टेबलापाशी बसलो. इतक्या वर्षांत चिठ्ठी पिवळी पडली होती, अक्षरं मात्र शाबूत होती. आज ती काढून टाकायची असं सकाळीच ठरवून आलो होतो. कडा सुटतच आली होती, नख लावलं असतं तर निघाली असती. मी ती अंगठ्यानं दाबून परत चिकटवली.