सहाव्या मजल्याचा वॉर्डन

आमच्या घराण्याने देशासाठी शस्त्र उचललं आहे. शस्त्र म्हणजे काठी. एकाहत्तरच्या युद्धात वडील होमगार्ड होते आणि गावच्या ओढ्यावरचा पूल राखत होते. सीमा तिथून कुठल्या कुठे. पुलावरून म्हशी गेल्या, शत्रू काही गेला नाही.

बाबा दुबईत ऊद मेथाला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा बिल्डिंगला प्रत्येक मजल्यावर एक स्वयंसेवक फायर वॉर्डन हवा होता. कुणी पुढे येईना. बाबा वॉचमनला आमचा फ्लॅट नंबर देऊन आले. मग आठवडाभर दारोदार फिरून त्यांनी वहीत टिपून घेतलं: कुठे तान्हं बाळ आहे, कुणाचे गुडघे दुखतात. शेजारची वसईची नर्स नाइट ड्यूटीनंतर कानांत बोळे घालून झोपते, हेही.

फॉर्मवर नाव मात्र माझं लागलं.

"बाबा, तुम्ही व्हिजिट व्हिसावर आहात. एमिरेट्स आयडी लागतो."

"पुलावर नव्हता लागत," ते म्हणाले. "बरं, फायर ड्रिलपुरतं तासभर ते वॉर्डनचं जॅकेट तरी दे."

"आजोबा, इट्स जस्ट अ ड्रिल," माझी मुलगी म्हणाली.

"आमचंही तेवढंच होतं गं."

मी जॅकेट दिलं नाही. खाली माझ्या ऑफिसमधले दोघे असणार होते.

ड्रिलच्या दिवशी पार्किंगमध्ये मी घाईघाईने डोकी मोजली. सुपरवायझरने विचारलं, "सब आ गया, सर? खलास?"

"खलास," मी म्हटलं.

तेवढ्यात जिन्याचं दार उघडलं. घामाघूम झालेले बाबा, आणि मागे गाऊनवर ओढणी घेतलेली, अर्धवट झोपेतली नर्स. बाबा माझ्यासमोर टाचा जुळवून उभे राहिले.

"सहावा मजला रिकामा, साहेब."

ते थट्टा करत नव्हते. जॅकेट माझ्या अंगावर होतं, म्हणून साहेब मी. लोक हसले. मीही हसलो.

"पुरे आता, बाबा. बसा."

ते बसले. वही खिशात गेली, ती माझ्यासमोर पुन्हा निघाली नाही. पुढच्या महिन्यात ते गावी परतले आणि वर्षाच्या आत गेले. त्या दिवशी नुसतं 'शाबास' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याला एमिरेट्स आयडी लागत नाही.

चोख कामगिरीबद्दल बिल्डिंगने दिलेलं प्रमाणपत्र हॉलमध्ये आहे, माझ्या नावाचं. घंटा वाजायच्या दहा मिनिटं आधीच मी लिफ्टने खाली उतरलो होतो.