मणक्याचा क्षय आणि माझी ब्रँच

एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून सरांनी मलाच विचारलं, "बोला डॉक्टर, निदान?" धुळ्यात माझी इंटर्नशिप संपत आली होती. तोंडी परीक्षेत सांगावं तसं मी सांगून टाकलं, "स्पाइनल टीबी, सर." म्हणजे मणक्याचा क्षय. एक्स-रे माझाच होता.

तीन महिने पाठीवर, मग प्लॅस्टरचं जाकीट. रोज स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयावरचं इंजेक्शन. टोचलेली जागा दिवसभर ठणकायची. तेही सोसलं. सोसले नाहीत ते भेटायला येणारे. आमच्या चाळीसगावाकडून जो येई तो आधी माझी ब्रँच ठरवी, मग स्वतःचा दुखरा गुडघा पुढे करी. मला सर्जन व्हायचं होतं, पण मला विचारतंय कोण!

त्यांना माझा आजारही ठाऊक नव्हता. माझे वडील, नाना, सगळ्यांना सांगत होते की कमरेत चमक भरली आहे.

सर्जरीच्या हाऊस जॉबचा, म्हणजे त्या वॉर्डात राहून काम शिकण्याचा अर्ज मी पडल्या पडल्या भरला. सरांनी तो परत दिला. "टेबलापाशी चार तास उभा राहशील? अजून वर्षभर तरी नाही." मी पोरासारखा रडलो.

नाना तयारच होते, गावात जागासुद्धा बघून ठेवलेली. "बायासना डाक्टर व्हय. गावमा दवाखानासाठे जागा दखेल शे."

डोकंच फिरलं. बाळंतपणं काय खुर्चीत बसून करतात? मी म्हणालो, मी क्षयरोग विभागात जाणार. रागाच्या भरात म्हणालो खरा, पण म्हटल्यावर पटलं. महिनोन् महिने गोळ्या गिळताना माणूस कसा कंटाळतो, ते मला पुस्तकात बघायला नको होतं.

"टीबीना डाक्टर? तुले पोर कोन देई?" म्हणून नाना जे उठून गेले, ते कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत.

पोरांनो, ब्रँच निवडताना सोयऱ्याधायऱ्यांचं ऐकू नका. आधी त्या वॉर्डात आठ दिवस राबून बघा. आणि आजार झालाच तर कृपा करून त्याचं खरं नाव सांगा.

पुढच्या वर्षी नाना माझ्या ओपीडीत आले. सोबत गावातला एक खोकणारा माणूस होता. दारावरची पाटी वाचून तो मागे फिरला, तसा नानांनी त्याचा दंड धरला. ओपीडी माणसांनी भरलेली, निम्मे ओळखीचे.

नाना मोठ्यानं म्हणाले, "मना पोऱ्याले बी टीबीच व्हयेल व्हता. दख, उभा शे."