लिटरला नऊ किलोमीटर

आमची गाडी लिटरला नऊ किलोमीटर द्यायला लागली, तेव्हा माझी नोकरी जायची वेळ आली.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी तळेगाव ढमढेऱ्यात राहायची आणि माझी शाळा कासुर्डीच्या पलीकडे, भीमा ओलांडून दौंड तालुक्यात. एसटीनं जायचं तर दोन ठिकाणी बस बदलायची, आणि एक चुकली की पहिला तास बुडायचा. दोन वर्षं तशी काढली. मुख्याध्यापकांनी सभ्य भाषेत, पण स्पष्ट बजावलं, की बाई, असं चालायचं नाही. म्हणून आम्ही पेट्रोलवर चालणारी एक जुनी, छोटी पांढरी गाडी घेतली आणि मी चालवायला शिकले. जूनमध्ये गाडी पंधरा द्यायची. दिवाळीनंतर तिची भूक वाढत गेली आणि जानेवारीत ती नऊवर आली. माझ्या पगाराचा मोठा घास तीच खायला लागली.

नवरा रांजणगावला एका कंपनीत मेंटेनन्स फिटर. दिवसभर मशिनी दुरुस्त करणारा माणूस, पण घरच्या गाडीचं बॉनेट उघडायला सांगितलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. "तिथंबी मशिनच आन् घरीबी मशिनच?" म्हणायचा. कंपनीत जो माल बसत नाही तो रिजेक्टच्या लाल पेटीत टाकतात, तीच सवय त्याला घरी लागलेली. एक दिवस शिफ्टवरून आला आणि पायातले बूट काढता काढता म्हणाला, "शिरूरचा एक भाजीचा व्यापारी गाडी बघायला येतोय. पुढल्या रविवारी. गाडी इकू आन् तू शाळा सोड. घरी काय कमी हाय?"

मी रागानं दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग माझ्या लक्षात आलं, की न बोलल्यानं गाडी काही जास्त धावत नाही.

गाडीच्या कप्प्यात तिचं पुस्तक होतं, कव्हर फाटलेलं, सगळं इंग्रजीत. शब्दकोश शेजारी घेऊन बसले. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवायची. मुलांना नळकांडं आणि दट्ट्या फळ्यावर काढून दाखवायची आणि स्वतः मात्र बॉनेटची खिट्टी कुठं आहे हे विचारत फिरायची. याची मला तेव्हा मनापासून लाज वाटली.

पहिली हवा. पुस्तकात सांगितलेल्यापेक्षा चाकांत जवळजवळ निम्मीच होती. आमच्याकडे सगळेच तशी ठेवतात, रस्ता खराब असला की मऊ चाकाला हादरे कमी बसतात म्हणून. इंजिनाला मात्र अशी चाकं चिखलातून ओढल्यासारखी ओढावी लागतात. पंक्चरवाल्याकडून पुस्तकातल्या आकड्याइतकी हवा भरून घेतली. तो म्हणाला, "मॅडम, कंबर मोडंल." म्हटलं, मोडू दे, माझी आहे.

मग डिकी. तिच्यात शेंगदाण्याच्या पेंडीची दोन पोती निघाली. महिन्यापूर्वी तळेगावच्या बाजारातून आणलेली, उतरवायची राहून गेलेली. एवढे दिवस ती पेंड माझ्याबरोबर रोज शाळेत जाऊन येत होती. मला हसावं का रडावं कळेना.

एवढं केल्यावर गाडी अकरावर आली. नवऱ्यानं मान हलवली. चौदाच्या आत परवडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मंगळवारी संक्रांतीची सुट्टी होती. तिळगूळ सकाळीच वाटून टाकला, जुनी साडी नेसले आणि पान्यांचा डबा घेऊन अंगणात उतरले. तीन प्लग, तीन तारा. उलटसुलट व्हायला नकोत म्हणून प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाचा धागा बांधला. हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला दोघीजणी आल्या, त्यांनी माझे कोपरापर्यंत काळे हात बघितले आणि कुंकू लावायचं का नाही याचा बराच विचार केला. शेवटी लावलं.

तिन्ही प्लगवर काजळी होती. चुलीमागच्या भिंतीवर असते तशी, कोरडी, बोटाला लागणारी. मी तिथंच खाली बसले. काजळी कधी धरते, हे तर मीच वर्गात शिकवते. जळायला हवा पुरत नाही तेव्हा. म्हणजे पेट्रोल येतंय भरपूर आणि हवाच कमी पडतेय. हवा अडायची जागा एकच, फिल्टर. झाकण उघडलं, तर आतला कागद चांगला स्वच्छ! माझा सगळा उत्साह गळाला. मग सहज त्या डब्याच्या पुढच्या नळीत, जिथून हवा आत जाते तिथं, बोट घातलं. काहीतरी मऊ लागलं. ओढलं, तर मूठभर लोकर बाहेर आली. धुतलेली, पिंजलेली, नीट दाबून बसवलेली.

आमच्या घरात लोकर हाताळणारं एकच माणूस होतं. माझे सासरे, आबा. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागं काढली होती. मेंढरं विकून आम्ही शेतीला लागलो तरी एक पोतं लोकर त्यांनी खोलीत जपून ठेवली होती. ते ओट्यावरून माझ्याकडेच बघत होते. माझ्या हातात लोकर दिसल्यावर हसत उठले.

"अजून हाय व्हय ती? म्या म्हटलं उडून गेली आसंल."

"आबा, ही तुम्ही घातलीत?"

"व्हय तर. उसाच्या ट्रॅक्टरनं रस्त्याला काय फुफाटा हाय! मेंढरामागं जाताना आमी नाकावर घोंगडीचा पदर धरायचो. हिला कोण धरणार? रोज तेवढ्या लांब तू जातीस, गाडी वाटंत बंद पडली म्हंजी?"

खरं सांगते, मला आधी संताप आला. दोन महिने मी बोलणी खात होते, नोकरीवर पाणी सोडायच्या बेतात होते, आणि कारण काय तर ही मूठभर लोकर. पण ते इतक्या कौतुकानं सांगत होते, की मला ओरडता येईना. घरातून मेणबत्ती आणि काचेचा पेला आणला. मेणबत्ती पेटवून पेला वर पालथा घातला आणि थोडीच हवा आत जाईल एवढाच तिरका धरला. ज्योत पिवळी झाली, धुरकटली, पेला आतून काळा झाला.

आबांनी पेल्यातली काजळी बोटानं पुसून बघितली. "म्हंजी म्या तिचं नाक दाबलं," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "पोराला सांगू नगंस, बाई. मागं हिरीवरल्या मोटारीच्या पेटीला हात लावला तर म्हणला, आबा, आता कशालाच शिवू नका. ह्ये कळलं तर मला घरात बसायची चोरी हुईल."

मी कबूल केलं. लोकर त्यांनी खिशात ठेवली.

प्लग घासले, फटी नवऱ्याच्या मापाच्या पट्टीनं मोजून बसवल्या, सगळं परत जोडलं. बुधवारी सकाळी टाकी काठोकाठ भरली आणि शनिवारी त्याच पंपावर परत भरली. भागाकार तीनदा केला. पंधराच्या थोडं वर. मी पंपावरच मोठ्यानं हसले, आणि पेट्रोल भरणारा माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

नवऱ्याला सांगितलं तर त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला, ज्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. "फॉल्ट कुठं हुता?"

"प्लगला काजळी होती. घासली."

"काजळी कशानं धरली?"

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. आबा भाकरी कुस्करत होते, त्यांचा हात थांबला.

"कारण घावल्याबिगर फॉल्ट गेला आसं आमी धरत न्हाई," तो म्हणाला. "महिन्यानं परत नवावर येईल. उद्या माणूस येतोय, मी शब्द दिलाय."

कारण माझ्या जिभेवर होतं. पण एका म्हाताऱ्या माणसाची मान खाली घालून मला माझी नोकरी वाचवायची नव्हती. मग नोकरी जाऊ द्यायची का? तेही पटत नव्हतं. शाळा सोडतेय हे सोमवारी वर्गात मुलांना कसं सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले.

रविवारी सकाळी व्यापारी आला. चांगला माणूस होता. बॉनेट उघडून, वाकून बघितलं, इंजिनाचा आवाज ऐकला, म्हणाला, "एकदम मख्खन हाय की." नवरा कागदपत्रं आणायला वळला. तेवढ्यात आबा ओट्यावरून उतरले, मधे आले आणि खिशातली लोकर काढून गाडीवर ठेवली.

"ह्ये म्या तिच्या नाकात कोंबलं हुतं," ते नवऱ्याला म्हणाले. पाहुण्यादेखत. "दोन म्हैनं. तुझ्या बायकूनं ते हुडकून काढलं आन् मी सांगू नगं म्हटलं म्हणून गप ऱ्हायली. चूक माझी, आन् शाळा तिची सुटायची? ह्ये कुठलं?"

मला वाटलं आता नवरा भडकणार. पण तो फिटर होता. त्यानं लोकर उचलली, त्या नळीत कोंबली, इंजिन चालू करून रेस केलं. मागून काळा धूर आला. लोकर काढली, परत रेस केलं. धूर विरला. असं त्यानं दोनदा केलं. मग हात पुसत व्यापाऱ्याला म्हणाला, "च्या घ्या, पावनं. तुमास्नी उगाच हेलपाटा पडला. गाडी द्यायची न्हाई. हिला शाळंला जायाला लागती."

मग तो वडिलांकडे वळला. आबा खाली बघत उभे होते.

"आबा, हितनं पुढं गाडीला काय बी करायचं आसंल," तो म्हणाला, "तर आधी हिला इचारत जा. मीबी इचारीन."

मला रडू आलं. पाहुणा उभा होता तरी मी डोळे पुसले नाहीत.