पुठ्ठावाले सर आणि मेंढरांचा चार्ट

सरांनी कधीच कुणाला अख्खा चार्ट दाखवला नाही. शेअरच्या भावाची वरखाली जाणारी रेघ समोर ठेवायचे आणि तिचा उजवा भाग वहीच्या जुन्या पुठ्ठ्याने झाकायचे. "आधी बोल, मग बघ," असं म्हणून मान वाकडी करून थांबायचे. आपण वर म्हटलं की पुठ्ठा बोटभर सरकवायचे. कधी वर, कधी खाली. हिंगोलीतल्या आमच्या क्लासमध्ये ते सांख्यिकी शिकवत. पण गावभर त्यांना पुठ्ठावाले सर म्हणूनच ओळखत.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि ती सरांमुळेच. आमच्या गावाहून, साखऱ्याहून, येणारी बस चुकली की मी उशिरा पोहोचायचे. ते न रागावता म्हणायचे, "बस पोरी. तुझ्यावाचून काही पुढं गेलो न्हाई."

ते स्वतःही शेअर बाजारात थोडंफार उतरले होते. चार्टवरचे इशारे, म्हणजे भाव पुढे चढणार की पडणार याच्या खुणा, त्यांना आवडायचे. जुळलेला इशारा दिसला की लहान मुलासारखे खूश व्हायचे. पण फसलेला इशाराही तितक्याच आवडीने दाखवायचे. "हे बघ, काय देखणा फसलाय!"

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मात्र फसलेले इशारे कुणी दाखवलेच नव्हते. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून त्याने ठरवलं की घरचा मेंढरांचा कळप विकायचा आणि आलेले सगळे पैसे शेअर बाजारात लावायचे. व्यापाऱ्याशी बोलणं झालं, टेम्पो कधी येणार तेही ठरलं. बापूंनी, आमच्या वडिलांनी, 'व्हय'ही म्हटलं नाही, 'न्हाई'ही म्हटलं नाही; फक्त त्यांचं जेवण कमी झालं. मी घाबरून सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी येतो. पर भाषण देणार न्हाई."

टेम्पो यायचा त्याच दिवशी ते पहाटेच्या बसने आले. दादा पारावर रेंज शोधत होता. बापू नेहमीसारखी मेंढवाड्याची ताटी किलकिली करून एकेक मेंढरू मोजून बाहेर सोडत होते. आमच्या कळपात काळी आणि पांढरी जवळजवळ निम्मी-निम्मी. सर दगडावर बसले, चौकटीचा कागद मांडीवर घेतला आणि काहीतरी काढत राहिले.

दादा आल्यावर त्यांनी कागद पुढे केला. "काय वाटतं बघ बरं."

दादाचे डोळे चमकले. "सर, भाव इथं दोनदा खाली येऊन उचललाय. तेजीचा पक्का इशारा हाय हा. आता घ्यायलाच पाहिजे! कोणती कंपनी हाय?"

"तुझीच," सर म्हणाले. "पांढरं मेंढरू निघालं की एक घर वर, काळं निघालं की एक घर खाली."

दादा कागदाकडे बघतच राहिला. बापू ताटी धरून वाकले, "मंग आमची लंगडी मेंढी कुठं हाय यात?"

आई फिस्सकन हसली. दादा मात्र चिडला. "अशी थट्टा काहून करून राहिले, सर? व्हिडिओत तर बराबर येतंय की सगळं!"

"बराबर आलेलंच दाखवतेत, बाबा. चुकलेलं कोण दाखवल?" सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चार्ट खोटं बोलत न्हाई. झालेला भाव तो नीट सांगतो. पुढचं आपण त्याच्या तोंडी घालतो. शिकायचं तर शीक, मी शिकवतो. कागदावर अंदाज लिही, वर्षभर चुका मोज. तवर मेंढरं राहू दे."

मेंढरं माळाच्या वाटेला लागली होती. अखेर काठी उचलून दादा म्हणाला, "बापू, मी जातो त्यायच्या मागं. तुमी व्यापाऱ्याला न्हाई म्हणून सांगा."

टेम्पो आला तेव्हा वाड्यात एकही मेंढरू नव्हतं. व्यापारी थोडा कुरकुरला, चहा प्याला आणि निघाला. हिंगोलीची बस संध्याकाळशिवाय नव्हती, म्हणून सर टेम्पोत त्याच्याच शेजारी चढून बसले. पुढे ते लेकीकडे नांदेडला राहायला गेले, आणि आमच्या गावी त्यांचं येणं ते एवढंच. पण मला ते आठवतात ते तसेच: टेम्पोच्या खिडकीतून हात बाहेर काढून, व्यापाऱ्याला हवेत वरखाली रेघ काढून दाखवणारे. मागचा रिकामा हौदा खडखडत फाट्यापर्यंत गेला. बापू ऐकत उभे होते. आवाज पार विरला तेव्हा ते आईकडे वळून म्हणाले, "वाढ गं. भूक लागली."