मेंढीला गेलेली गोळी

"चिठ्ठी ऱ्हाऊ दे, पिशवी ओता!" आमच्या मोठ्या सिस्टर नव्या पेशंटला पहिलं हेच सांगायच्या.

सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या दवाखान्यात किडनी निकामी होत चाललेली माणसं यायची. ती घरी कुठली औषधं घेतात, हे विचारून लिहायचं काम आम्हा नर्सेसचं. मी नवी होते. चिठ्ठी बघून भराभरा तक्ता भरायचे.

"चिठ्ठीत डॉक्टरांनी सांगितलेलं असतंय. पेशंटनं केलेलं पिशवीत असतंय की!" त्या म्हणायच्या.

एकदा मंद्रूपकडचे एक मेंढपाळ बाबा आले. पायांना सूज, बीपी चढलेलं. सिस्टरनी पिशवी पलंगावर ओतली. सुपारी, अडकित्ता, एसटीची तिकिटं आणि एका पुडीत सुट्या पांढऱ्या गोळ्या, दोन तऱ्हेच्या पण दिसायला जवळजवळ सारख्या.

"ही कुणाची?" सिस्टरनी एक उचलून विचारलं.

"मेंढीची. जंताची हाय."

"आणि ही तुमची, बीपीची. आज सकाळी कुठली घेतली?"

बाबा विचारात पडले. "त्ये आता मेंढीलाच इचारावं लागंल."

"मेंढी कशी आहे?"

"दोन दिस लई गुमान बसून हाय."

सिस्टर हसता हसता स्टुलावरून घसरल्या. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही घसरला असता. शेजारी डायलिसिस चाललेल्या चाची ओरडल्या, "हँसाओ नक्को गे माँ, सुई हिलती!"

डोळे पुसत सिस्टरनी सहज विचारलं, "बाबा, गुडघं दुखल्यावर काय खाता?"

"लाल गोळी. दुकानातनं आणतो, दिवसाला तीन. पर ते काय औषध न्हवं, नुसतं दुखण्याचं हाय."

सिस्टरचं हसू थांबलं. तसली गोळी आजारी किडनीत उरलेली धुगधुगीही घालवते. चिठ्ठीत तिचं नाव नव्हतं, माझ्या तक्त्यातही आलं नसतं. त्या तशाच उठून डॉक्टरांना घेऊन आल्या. लाल गोळी बंद झाली, गुडघ्यांना दुसरं औषध मिळालं, मेंढीच्या गोळ्यांचा डबा वेगळा झाला.

तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. डॉक्टर म्हणाले, "डायलिसिस सध्या तरी नको." बाबांनी वऱ्हांड्यातच धनगरांच्या गजी नाचाच्या चार गिरक्या घेतल्या. सिस्टरनी औषधाचं रिकामं खोकं काखेत धरून ढोल बडवला. मी टाळ्या वाजवत रडत होते.

पुढच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. कुर्डुवाडीला लेकीकडं निघाल्या. रिक्षा सुटली तरी बाहेर वाकून दोन्ही हात हलवतच होत्या. शेवटी रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.

"मावशी, कुणी मागं राहिलंय का?"

आम्हाला फाटकापर्यंत ऐकू आलं, "व्हय बाबा, सगळीच राहिली. चल तू."