ह्यांचा सौदीचा अभ्यास

शुक्रवारी सकाळी मी ह्यांना धडा म्हणायला लावायची. पन्नाशी उलटलेला माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर आणि पुढ्यात नववीतल्या मुलीचं पुस्तक. बुरैद्याच्या इंडियन स्कूलमध्ये सौदीचा इतिहास-भूगोल शिकवतात, त्या विषयाचं. इंग्रजीत लिहिलेलं दुसरं काही हाताशी नव्हतं. हे एखाद्या सरकारी भरतीला बसायचं असल्यासारखं ते पुस्तक पाठ करत होते. दिरियाचं पहिलं राज्य कसं बुडालं, दुसरं कुठे उभं राहिलं, रियाधचा मस्मक किल्ला कसा घेतला, तेरा प्रांत कोणते, राजे कोणत्या क्रमाने. राजांमधला एक हमखास गळायचा.

"अब्बा, यू स्किप्ड वन अगेन," मुलगी आतल्या खोलीतून ओरडायची, आणि माझं डोकं फिरायचं.

"बावीस वर्षं ह्या देशाचं पाणी पिताय, एवढी चार नावं लक्षात राहत नाहीत?"

"राहतात गो. तू समोर बसलीस की जातात."

हे सगळं सुरू केलं मंदूबने. मंदूब म्हणजे मालकाचे सरकारी कागद ह्या कचेरीतून त्या कचेरीत फिरवणारा माणूस. त्या साली खजुराच्या पॅकिंगमधल्या देखरेखीच्या जागा सौदी माणसांना द्यायचं ठरलं, आणि ह्यांचं काम तेच, म्हणून मालकाने सांगितलं की पुढच्या हंगामाआधी तुझ्या जागी सौदी माणूस ठेवून तुला सोडावं लागेल. सोडावं लागेल म्हणजे खुरूज, कायमचं परत जाणं. मी सरकारी इस्पितळात नर्स. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वेगळा, मुलगी माझ्या कागदावर. तिच्या दहावीला दीड वर्ष बाकी. म्हणजे हे एकटे दापोलीला आणि आम्ही दोघी इथे. तेव्हा हा मंदूब आला, आमच्या घरी बिर्याणी खाल्ली आणि हात पुसता पुसता म्हणाला, "इतकी वर्षं झाली, जिन्सियासाठी अर्ज का करत नाहीस? नागरिक झालास तर कोण काढेल तुला? देशाबद्दल विचारतील थोडंफार. तयारी कर." झालं. त्याला बोलायला काय जातंय? मला आजही तो माणूस दिसला तर मी बिर्याणीची भांडी मोजून घेईन.

पण मी विश्वास ठेवला. ह्यांच्यापेक्षा जास्त मीच ठेवला. वही आणली, प्रश्न काढले, बाजूला उत्तरं लिहिली. आम्हा लोकांना सरकार म्हटलं की परीक्षा आणि परीक्षा म्हटली की गाइड, ह्यापलीकडे काही सुचत नाही. कोणत्या कचेरीत कोणी अशी परीक्षा घेतं का, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि खरं सांगायचं तर ह्यांना पुस्तकाची गरज काय होती? खजूर-बाजारात पहाटे गाड्या लागल्या की सौदी शेतकरी ह्यांना हाक मारून पेटीतला एक दाणा हातात द्यायचे. हे तो बोटांत नुसता दाबून सांगायचे, जात सुक्करी आहे, पण दोन दिवस आधी उतरवलीय. त्यावर कोणी वाद घालत नसे. कॉफी डाव्या हाताने ओतायची, पेला उजव्याने द्यायचा, आणि पाहुण्याने पेला हलवला की थांबायचं, हे ह्यांना कुठल्या धड्यात शिकावं लागलं नाही. मालकाच्या घरच्या मयतीला हे मातीला उभे राहिले. ह्यांची अरबी इतकी कसीमी, म्हणजे इथल्याच मुलखाच्या वळणाची की टेलिफोनवर लोक विचारायचे, कुठल्या कबिल्याचा तू? असा माणूस शुक्रवारी सकाळी चाचरत सांगत बसे की असीर प्रांताचं मुख्य शहर अबहा. माझं रक्त खवळायचं, आणि तरी मी म्हणायची, पुढचा सांगा.

आता एक दुसरी गोष्ट सांगते. ती सांगताना मला स्वतःचाच राग येतो, पण सांगायलाच हवी.

हे आले तेव्हा मालकाकडे शेतमजुराचाच व्हिसा शिल्लक होता. तोच घेऊन आले. असं कितीतरी जण येतात. आमच्या ओळखीत कागदावर गवंडी असलेला एक फार्मसीवाला होता. पेशा काहीही लिहिलेला असो, काम मिळालं म्हणजे झालं. तर ह्यांच्या इकाम्यावर लिहिलेलं होतं, आमिल मज़रआ, शेतमजूर. प्रत्यक्षात पॅकिंगची पूर्ण शेड ह्यांच्या शब्दावर चालायची. मग सौदीकरणाची वर्षं आली. आज सेल्समन गेले, उद्या रिसेप्शनवाले, परवा अकाउंटंट. ज्यांच्या कागदावर बरा पेशा होता तेच आधी उडाले. शेतमजुराची जागा मागायला कोण येणार? तपासणीची गाडी फाटकात आली की हे टोपली उचलून शेडच्या मागच्या दाराने झाडांत जायचे आणि गाडी जाईपर्यंत सुकलेल्या झावळ्या गोळा करायचे. घरी येऊन हसून सांगायचे. मला ते हसू सहन होत नसे.

तीन वेळा मालक स्वतः म्हणाला, पेशा बदलून घे, मी सही करतो. एकदा तर सरकारने बदलायची फीसुद्धा माफ केली होती. तिन्ही वेळा हे अर्ज भरून माझ्यासमोर घेऊन बसले. आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, नको. सुपरवायझर म्हणून लिहिलं की पुढच्या यादीत आपलं नाव. मजूर आहात तेच बरं, मजुराला कोणी हात लावत नाही. मी शहाणी ना! इस्पितळातल्या बायकांना मी हा सल्ला फुकट वाटला.

जिन्सियाचा अर्ज घेऊन कचेरीत आम्ही दोघं गेलो. मी रजा काढली होती. ह्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, गाडीत येताना सगळे राजे म्हणून दाखवले, एकही गळला नाही. खिडकीपलीकडे तरुण कारकून होता, बोलायला नम्र. त्याने फाइल उघडली. वर्षांची नोंद पाहिली, मान डोलावली. चांगल्या वर्तणुकीचं पत्र पाहिलं, मान डोलावली. मग इकामा हातात घेऊन तिथेच थांबला. ह्यांच्या शर्टाकडे पाहिलं, परत इकाम्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही काम काय करता?"

हा एवढाच प्रश्न. जे खरं होतं ते सांगितलं, तर कागद एक आणि काम दुसरं. मालकाला दंड, आणि ह्यांना त्याच आठवड्यात विमानात बसवणार. कागदावरचं सांगितलं, तर देशाला शेतमजुराची अशी काय गरज, फाइल बंद. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमिल मज़रआ," हे म्हणाले. स्वच्छ, कसीमी अरबीत.

कारकुनाने फाइल हळूच आमच्याकडे सरकवली. ह्या पेशात अर्ज पुढे जात नाही म्हणाला. अल्लाह तुमच्या रोजीत बरकत देवो म्हणाला. मी खिडकीला धरून उभी राहिले. माझ्या इस्पितळातल्या तोडक्यामोडक्या अरबीत ओरडले, "त्यांना विचार तरी! राजे विचार, प्रांत विचार, दिरिया विचार! त्यांना सगळं येतं!" रांगेतले लोक बघायला लागले. कारकून बिचारा उठून उभा राहिला. "बाई," तो म्हणाला, "इथे परीक्षा नसते."

गाडीत बसल्यापासून मी मंदूबला शिव्या घातल्या. मग कारकुनाला, मालकाला, त्याच्या पोरांना, मग ह्यांना. खरं का नाही सांगितलंत? बावीस वर्षांत एकदा तरी ताठ मानेने सांगायचं होतं ना, मी कोण आहे ते!

"म्हाताऱ्याला दंड झाला असता," हे म्हणाले. "त्याच्या ताटात जेवलोय मी."

पुढे सिग्नल लागला. मग मीच म्हटलं, कागद मी बदलू दिला नाही.

"तू अडवलं नसतंस तरी मी बदलला नसता," हे समोर बघत म्हणाले. "मला कुठे हौस होती सुपरवायझर लिहायची."

तीन अर्ज माझ्या डोळ्यांसमोर भरले होते ह्या माणसाने. पेशाच्या रकान्यात सुंदर अक्षरात मुशरिफ, म्हणजे सुपरवायझर, लिहिलं होतं. एका सकाळीत दोनदा खोटं बोलले, एकदा मालकाला वाचवायला आणि एकदा मला. मला एवढा संताप आला की सिग्नल सुटेपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले.

दोन महिन्यांनी ह्यांचा खुरूज लागला. मालक विमानतळावर आला, ह्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, ढसाढसा रडला. मी तेव्हा बॅगेचं वजन जास्त का झालं म्हणून ह्यांच्याशी भांडत होते.