विलासकाका आणि न आलेले बॉल

मिशिगनमधल्या आमच्या अख्ख्या नोव्हाय गावात फुटबॉल बघताना बॉल न बघणारा एकच माणूस होता. काल तो गेला.

आमचे विलासकाका.

२००३ साली मी पुण्याहून इथे आलो तेव्हा गाडी नाही, ओळख नाही. काका मूळचे नागपूरचे, एका ऑटो पार्ट्सच्या प्लांटमध्ये क्वालिटी तपासणीला. दर रविवारी दुपारी मला घ्यायला यायचे. त्यांच्या बेसमेंटमध्ये काकूंचे तर्री पोहे आणि अमेरिकन फुटबॉल.

आमची टीम बहुतेक वेळा हरायची. पोह्यांनी कधी निराश केलं नाही.

काका गेमच्या आधी एक वाइड रिसीव्हर निवडायचे, म्हणजे लांब धावत जाऊन पास झेलणारा गडी. मग शेवटपर्यंत नजर फक्त त्याच्यावर.

"बॉलकडे काय पाहतो बे? त्याच्या पायाकडे पाह."

मी आपला कॅच मोजायचो. "काका, दोनच कॅच! बेकार आहे हा."

"त्याच्याकडे फेकले किती? त्यातले हातात येण्यासारखे किती? अन् बॉल आलाच नाही तेव्हा हा नुसता उभा होता, का दुसऱ्याची वाट मोकळी करायला, ब्लॉक करायला धावला?"

मग प्लांटमधल्यासारखा निकाल. पास किंवा रिजेक्ट. रिजेक्ट करायला त्यांना अर्धा तास लागायचा. मी वैतागायचो. यार, टीव्हीवरचा माणूस, त्याला कुठे कळणार आहे!

२००८ मध्ये मी टीम लीड होतो. लेऑफ सुरू झाले. मॅनेजरने माझ्या चौघांचं रँकिंग मागितलं. एक जण अगदी शांत होता. मी त्याचं नाव शेवटी टाकलं आणि शुक्रवारी लिस्ट पाठवून मोकळा झालो.

रविवारी काकांना सहज सांगितलं. "वर्षभरात दोनच प्रोजेक्ट केले हो त्याने."

काकांनी टीव्ही म्यूट केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तू दिले किती?"

मी आठवत बसलो. दोनच दिले होते. चांगली कामं मी माझ्याबरोबर लंचला येणाऱ्यांना देत होतो. आणि त्यांच्या चुका हा गुपचूप निस्तरत होता.

सोमवारी मॅनेजर यायच्या आधीच मी त्याच्या केबिनबाहेर उभा होतो. तो म्हणाला, "सॉरी, लिस्ट पुढे गेली."

त्या शांत माणसाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. जाताना माझा हात हातात घेऊन थँक यू म्हणाला. मला मान वर करता आली नाही. आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी काकांनी माझ्या हातात पोह्यांची प्लेट दिली.

"आज रिसीव्हर तू निवड."

त्या दिवशी स्कोअर काय झाला, मला आठवत नाही. मी पाय बघत होतो.

आजही कुणाचा रिव्ह्यू लिहायला बसलो की आधी तुमचाच आवाज येतो, काका. तू दिले किती?

या रविवारी गेम आहे. काकूंकडे जाणार आहे. रिसीव्हर मीच निवडेन.

विलासकाका, उशिरा शिकलेल्या तुमच्या मानलेल्या पुतण्याचा शेवटचा नमस्कार.